विझलेला भारा

आधी आवाज येतो. धरणाचे दरवाजे उघडावेत तसा, फक्त हा थांबतच नाही. मग डोळ्यांपुढे दुपारचं ऊन, तुडवलेलं गवत आणि माणसांच्या डोक्यांपलीकडे उभा लाकडी मनोरा. आवाज त्याच्या बुडातून येतोय. मे १९०३. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं डेक्स्टर हे छोटं गाव. इथे जमिनीला भोक पाडलं आणि आतून वायू उसळला. तो इतका गर्जतोय की लोकांनी त्याला हंबरणारी विहीर असंच नाव पाडलंय.

आज गावाचा सण आहे. भाषणं झाली, खेळ झाले. आता झोत पेटवायचा. जमिनीतून वायू निघणं म्हणजे काय, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. आसपासच्या गावांत अशाच विहिरींच्या जिवावर वीटभट्ट्या आणि काचेचे कारखाने उभे राहिलेत. ज्वाळ किती उंच जाईल याचा नेम नाही म्हणून आयांनी पोरांना मागे ओढलंय. तुम्हीही दोन पावलं मागे सरता.

गवताचा एक भारा पेटवतात. सुकं गवत, धडधडून पेटतं. तो जळता भारा ढकलत झोतापर्यंत नेतात. सगळं गाव श्वास रोखून उभं.

भारा विझतो.

वर घागर उपडी करावी तसा विझतो. उरतो तो धूर, आणि तोही झोताबरोबर आकाशात उडून जातो. कुणी म्हणतं, गवत ओलं असेल. दुसरा भारा येतो. तोही विझतो. तिसऱ्या खेपेला कुणी टाळ्या वाजवायला हात उचललेले असतात, ते तसेच खाली येतात. विहीर हंबरतेच आहे. लोक हळूहळू गाड्या जुंपू लागतात. शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून तुमच्या पोटात कालवतं. त्याच्या लेखी आज गावाचं दैव फिरलं.

तुम्हाला त्याला सांगावंसं वाटतं की बाबा, थांब, या वाऱ्यात काय आहे ते तुला माहीत नाही. पण तुम्ही इथे बघायला आलात. तुमचा आवाज त्याला ऐकू जाणार नाही.

एक माणूस मात्र या वायूकडे पाठ फिरवत नाही. राज्याचे भूगर्भशास्त्रज्ञ इरॅस्मस हॅवर्थ या न जळणाऱ्या वायूची गोष्ट ऐकतात आणि त्यातला थोडा पोलादी नळकांड्यात भरून लॉरेन्सच्या विद्यापीठात पाठवतात. तुम्ही त्या नळकांड्याबरोबर जा.

७ डिसेंबर १९०५. लॉरेन्स. हॅमिल्टन केडी आणि डेव्हिड मॅकफार्लंड यांची प्रयोगशाळा. वायू का जळला नाही, हे एव्हाना कळलेलं आहे. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश नुसता नायट्रोजन. जळणारा मिथेन शेकडा पंधराच्या आसपास. भारा विझवला तो नायट्रोजननं. हिशेबात आणखी काहीतरी उरतंय, आणि ते कशाशीच संयोग पावत नाही. ते काय, हे आज बघायचंय.

टेबलावर काचेचा एक फुगा आहे, त्यात कोळसा. जवळ जाऊन बघा. हा साधा कोळसा नव्हे. नारळाच्या करवंटीचा आहे. कॅन्ससच्या माळावर समुद्रापासून शेकडो कोस दूर करवंटी बघून कोकणातल्या माणसाला भरून येईल. या कोळशाला इतकी बारीक छिद्रं असतात की थंड केल्यावर तो वायू पिऊन टाकतो. केडी काचेच्या फुग्याभोवती द्रवरूप हवा ओततात, शून्याखाली १९० अंश. काच पांढरी होते, खाली जमिनीवर धुकं लोळतं. कोळसा नायट्रोजन पितो, मिथेन पितो, सगळं पितो. एकच गोष्ट तो पीत नाही. ती उरलेली गोष्ट काचेच्या बारीक नळीत घेतात, विजेचा प्रवाह सोडतात आणि तिच्या प्रकाशाकडे वर्णपटदर्शकातून बघतात.

एक पिवळी रेघ. हळकुंडाच्या आत दिसतो तसा उजळ पिवळा.

डेक्स्टरच्या वायूत १.८४ टक्के हेलियम होता. त्या घडीपर्यंत हेलियम म्हणजे खनिजं उकरून थेंबाथेंबानं मिळवायची दुर्मीळ वस्तू होती, आणि गावानं तुच्छ ठरवलेल्या झोतातून तो घनफुटांनी आकाशात चाललेला होता. केडी आणि मॅकफार्लंड पुढे इतर विहिरींचेही नमुने तपासतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना हाच पाहुणा भेटतो.

ही रेघ तुमच्या ओळखीची आहे. तिच्यासाठी आणखी ३७ वर्षं मागे या, आणि आपल्या मुलखात या.

१८ ऑगस्ट १८६८, अमावास्या. तुम्ही विजयदुर्गाच्या तटावर आहात. पावसाळ्याचा समुद्र खवळलेला, तटाच्या दगडांवर शेवाळ. सकाळचं ऊन मलूल होत जातं, पितळेच्या भांड्यावर चिंच लावल्यावर क्षणभर जसा मळका उजेड येतो तसा. खालून, वाडीतून आरोळी उठते: दे दान, सुटे गिऱ्हाण. ग्रहणाच्या सावलीची ही वाट कोकण ओलांडून, जमखंडी-विजापूरकडून पार गुंटूर आणि मछलीपट्टणपर्यंत गेलेली आहे. ठिकठिकाणी साहेबलोक दुर्बिणी रोखून बसलेत. गुंटूरला फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सेन आहेत, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन. काळ्या बिंबाच्या कडेला तांबूस ज्वाळा दिसतात आणि त्यांच्या उजेडात चकचकीत रेघा. त्यात एक पिवळीही होती. ती सोडियमची असणार, असं बहुतेकांनी मानलं.

विजयदुर्गावरच्या दगडी चौथऱ्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात. इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर इथे बसून हेलियम बघून गेला, असं तिथे सांगितलं जातं, आणि दर १८ ऑगस्टला लोक किल्ल्यावर जमून हेलियमचा दिवस साजरा करतात. ते जमतात याचा मला मनापासून आनंद आहे. खरी नोंद मात्र सांगितलीच पाहिजे: लॉकियरनं ती रेघ इंग्लंडात पाहिली, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना. ती सोडियमच्या जागेवर बसत नाही, म्हणजे हे कुणी नवंच मूलद्रव्य आहे, हे त्यानं धरून ठेवलं. ग्रीकांच्या सूर्यावरून, हेलिओसवरून, त्याचं नाव पडलं. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडलं, लंडनमध्ये विल्यम रॅमसे यांना, युरेनियमच्या एका खनिजात.

युरेनियमच्याच खनिजात का? कारण हेलियम तिथेच जन्मतो. युरेनियम आणि थोरियम खडकात कोट्यवधी वर्षं हळूहळू विरत असतात, आणि विरताना जे अल्फा कण बाहेर टाकतात ते म्हणजे हेलियमचीच केंद्रकं. वर मिठाचं किंवा तसलंच गच्च झाकण असेल तर तो नैसर्गिक वायूबरोबर खाली कोंडून राहतो. झाकण नसेल तर वर येतो, हवेत मिसळतो आणि शेवटी पृथ्वी सोडून जातो. आपल्या गुरुत्वाकर्षणाला तो धरवत नाही. हवेच्या दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग हेलियम उरतो तो एवढ्यासाठीच.

पुढे निघण्याआधी हा वायू किती उचलतो ते हातानं अजमावून बघा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच अशी पेटी मनात उभी करा. तिच्यातली हवा रिकामी वाटते, पण ती सव्वा किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच जागेत हेलियम भरला तर त्याचं वजन जेमतेम १७० ग्रॅम. मधला फरक साधारण एक किलो. म्हणजे अख्खी पेटी मिळून एक पिशवी तांदूळ उचलणार, आणि त्यात पेटीचं स्वतःचं वजनही आलं. सत्तर किलोच्या माणसाला अधांतरी करायचं तर पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली काठोकाठ हेलियमनं भरावी लागेल. हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, तरी तो दुप्पट उचलत नाही. उचलते ती बाजूला सरलेली हवा, आणि तिचं वजन दोघांना सारखंच. हायड्रोजन जिथे शंभर उचलेल तिथे हेलियम ब्याण्णव-त्र्याण्णव उचलतो. एवढी सात-आठ टक्क्यांची घट सोसली की त्या बदल्यात कधीही न पेटणारं जहाज मिळतं.

हे गणित पहिल्या महायुद्धात सैन्याच्या कानी गेलं. नोव्हेंबर १९१८, न्यू ऑर्लिन्सची गोदी. टेक्सासमध्ये घाईघाईनं कारखाने उभारून वायू गाळला, दाबून पोलादी नळकांड्यांत भरला, आणि फ्रान्सला न्यायला ती नळकांडी इथे रांगेत लावली: १ लाख ४७ हजार घनफूट. युद्धापूर्वी एका घनफुटाची किंमत अडीच हजार डॉलर सांगितली जायची. तुम्ही नळकांड्यावर हात ठेवता, तेवढ्यात शहरात घंटा वाजू लागतात. युद्ध संपलं. नळकांडी जागची हलत नाहीत. १ डिसेंबर १९२१ रोजी सी-७ नावाचं नौदलाचं छोटं हवाईजहाज हेलियम भरून व्हर्जिनियाहून वॉशिंग्टनकडे उडालं, तेच या वायूवरचं पहिलं जहाज.

आणि मग हवाईजहाज शेनँडोह. इथे मी तुम्हाला घाई करणार नाही.

न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टची भली थोरली शेड. दार सरकतं आणि आत दोनशे मीटरहून लांब रुपेरी देह. ड्युरालुमिनचा सांगाडा, वर कापड, आणि पोटात वीस पिशव्या. पिशवीला हात लावा. सुती कापडावर आतून चिकटवलेली पातळ, मऊ कातडी आहे, बैलांच्या आतड्याची. हेलियम कशातूनही झिरपतो, रबरातूनही. ही कातडी त्याला त्यातल्या त्यात धरून ठेवते. वीस पिशव्यांत मिळून २१ लाख घनफूट वायू, म्हणजे त्या वेळी जगात काढलेल्या हेलियमचा बहुतेक साठा. १९२४ मध्ये जर्मनीहून दुसरं मोठं जहाज, लॉस एंजेलिस, आलं तेव्हा दोन्ही भरायला वायू पुरेना. शेनँडोहचं पोट रिकामं करून दुसऱ्याचं भरलं. पुढच्या वर्षी पुन्हा उलट. एका लुगड्यात दोन जावा, अशी गत.

इथले खलाशी सांगतील, त्रास कुठे होतो ते. हायड्रोजनच्या जहाजात इंधन जळून जहाज हलकं झालं की थोडा वायू बाहेर सोडतात, काम झालं. हेलियम सोडायचा म्हणजे सोनं उधळायचं. म्हणून शेनँडोहवर एंजिनांच्या धुरातली वाफ थंड करून पाणी साठवायची यंत्रणा बसवली. एक किलो पेट्रोल जळलं की किलोहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं. ते पकडलं की गेलेलं वजन परत येतं. युक्ती सुरेख आहे. पण तेवढ्यावर भागलं नाही. जहाज वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, पिशव्या फुगतात, जादा वायू आपोआप सुटावा म्हणून झडपा असतात. वायू वाया जाऊ नये यासाठी त्यातल्या निम्म्याहून जास्त झडपा काढून टाकल्या होत्या.

२ सप्टेंबर १९२५. दुपारी जहाज निघतं. मध्य-पश्चिमेकडच्या जत्रांवरून फिरवून लोकांना दाखवायचा बेत. कप्तान झॅकरी लॅन्सडाउन स्वतः ओहायोचे, त्या भागातली वादळं ओळखून असलेले. या दिवसांत नको, असं त्यांनी कळवलंही होतं. तुम्ही सांगाड्याच्या आतल्या अरुंद फळीवर झोपता. दोन्ही बाजूंना पिशव्या श्वास घेतल्यासारख्या हलताहेत.

पहाटे जाग येते ती फळी तिरपी झाल्यानं. बाहेर विजा. जहाजाचं नाक खाली केलंय, एंजिनं पूर्ण जोरात, आणि तरीही जहाज वरच चढतंय. खालून कुणी तळहातावर घेऊन उचलावं तसं. पिशव्या तट्ट फुगल्यात. कापडावर बोट टेकवा, डफासारखं लागतं. मग एकदम खाली. पुन्हा वर, आता सहा हजार फुटांच्याही वर. चार्ल्स रोझेंडाल नावाचे अधिकारी नियंत्रण कक्षातून शिडीनं वर सांगाड्यात येतात, इंधनाच्या टाक्या खाली सोडायची तयारी करायला. ती शिडी त्यांचा जीव वाचवते. कारण पुढच्या क्षणी पोलादी तारा तुटायला लागतात, एकामागून एक, आणि तुमच्या समोर, फळी जिथे शेपटीकडे जात होती तिथे, पहाटेचं आकाश दिसतं.

जहाज मोडलंय. लॅन्सडाउनांसह नियंत्रण कक्ष तुटून खाली जातो. शेपटीचा भाग शेतांकडे घसरतो. आणि तुम्ही ज्यात आहात तो पुढचा तुकडा, वजन गेल्यानं, वर जातो.

आता हे जहाज राहिलेलं नाही, एक बिनसुकाणूचा फुगा आहे आणि आत सात माणसं. रोझेंडाल एकेकाला हाका मारून मोजतात. कोण कुठे लटकलंय, कुणाच्या हाताशी पाण्याची टाकी, कुणाच्या हाताशी झडप. मग थोडा वायू सोडायचा, थोडं पाणी सोडायचं. ज्या वायूसाठी झडपा काढल्या तो आता दोरी ओढून मुद्दाम सोडायचा, कारण तो नीट सोडला तरच जमीन मिळणार. तुमच्या डोक्यावरून तो निघून जातो. रंग नाही, वास नाही. आणि अख्ख्या मोडतोडीत, घासलेल्या धातूच्या ठिणग्यांत, फुटलेल्या पेट्रोलच्या वासात, आग कुठेच लागलेली नाही. तासभर असंच तरंगत जाऊन तुकडा एका शेतावर उतरू लागतो. खाली एक शेतकरी उभा. वरून दोर टाकतात, ओरडतात, बांध, बांध! तो दोर धरून पळतो आणि झाडाशी बांधतो.

त्रेचाळीस जणांपैकी चौदा गेले, एकोणतीस वाचले. झडपा काढल्यामुळेच जहाज फुटलं का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मी त्यावर निकाल देऊ धजत नाही, वादळच तेवढं होतं. पण एवढं मी ठामपणे म्हणेन: वायूची टंचाई हाही त्या जहाजाचा एक खलाशी होता, प्रत्येक निर्णयात हजर. सकाळ होते. माणसं लांबलांबून येतात, सांगाड्यावरचं रुपेरी कापड सुऱ्यांनी कापून नेतात. वीस पिशव्यांतला वायू तोवर ओहायोच्या आभाळात पांगून गेलेला असतो. जगातला बहुतेक साठा होता तो.

लेकहर्स्टला एकदा परत यावंच लागतं. ६ मे १९३७, संध्याकाळ. हिंडेनबर्ग. जर्मनांनी हे जहाज आखताना हेलियमच धरला होता. पण अमेरिकेनं त्याची निर्यात आधीच कायद्यानं अडवून ठेवली होती, आणि दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. म्हणून हायड्रोजन. अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. जहाजावरचे पस्तीस आणि खाली उभा एक, छत्तीस माणसं. मी तुम्हाला मान वळवा म्हणेन. या आगीनंतर अमेरिका हेलियम विकायला तयार झाली, पण १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि मंत्री हॅरल्ड इकिस यांनी सहीला नकार दिला. युद्धाच्या उंबरठ्यावर त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं, हे मला सुचत नाही.

आता आपल्या काळात या. सिंधुदुर्गातल्या एका देवळाची जत्रा, रात्रीचे नऊ. खाज्यांचे ढीग, गुळाचा वास, दशावताराच्या पेटीचे सूर. हेलियम आज अमेरिका, कतार, अल्जीरिया, रशिया अशा मोजक्याच देशांतून, नैसर्गिक वायू गाळताना निघतो. भारत तो बाहेरूनच आणतो. शून्याखाली २६९ अंशांवरचा द्रव हेलियम रुग्णालयातल्या एमआरआयच्या चुंबकाला गार ठेवतो, आणि ते काम दुसऱ्या कुठल्याच द्रवाला जमत नाही. एका कारखान्याचं दार बंद झालं तरी जगभर भाव चढतात. असा वायू या जत्रेपर्यंत पोचत नाही.

पण फुगे आहेत. फुगेवाल्याच्या डोक्यावर शेपन्नास फुग्यांचा घोस, पायाशी गंजकं लोखंडी नळकांडं. ओणवून बघा. बाजूला कॉस्टिक सोड्याची पिशवी, ॲल्युमिनियमची कातरण आणि पाण्याचा डबा. नळकांड्याला हात लावू नका, गरम आहे. आत ॲल्युमिनियम आणि सोडा पाण्यात उकळताहेत आणि त्यातून निघतोय तो हायड्रोजन. डेक्स्टरच्या गावकऱ्यांना झोतात जे हवं होतं, तसलंच. पेटणारं.

तुमच्या पुढे एक मुलगी आहे, सहा-सात वर्षांची. तिनं लाल फुगा मागितलाय. फुगेवाला तो भरतो, दोरा बांधतो आणि तिच्या मनगटाला गुंडाळतो. दोरा ताणला जातो. दहा-बारा ग्रॅमची ती ओढ तिला हातभर जाणवते, आणि ती हात वर करून उभी राहते, फुगा आपल्याला नेतोय का बघत. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद अस्सल आहे.

फुगेवाला कानामागची विडी काढतो. खिशातून काडेपेटी. नळकांडं त्याच्या पायाला टेकलेलं.

इथे तुमचा आवाज ऐकू जातो.

“दादा,” तुम्ही म्हणता, “काडी ओढू नका. जरा पलीकडे या, त्या चहाच्या टपरीजवळ. चहा माझ्याकडून.”

तो तुमच्याकडे बघतो, मग घोसाकडे, मग त्या पोरीकडे. काडेपेटी परत खिशात टाकतो.